कास्तियों, 1453 : एका तासाच्या लढाईमागची आठ वर्षं

17 जुलै 1453 रोजी दोर्दोन्य नदीकाठी कास्तियों गावाजवळ इंग्रज सेनापती जॉन टॅल्बट फ्रेंचांच्या मोर्चेबंद तळावर चालून गेला आणि जेमतेम तासाभरात त्याची फौज मोडली. शंभर वर्षांचं युद्ध म्हणून जे ओळखलं जातं त्यातली ही शेवटची मोठी लढाई. म्हाताऱ्या टॅल्बटने घाई केली आणि तोफांच्या तोंडी गेला, एवढंच बहुतेकदा सांगितलं जातं. घाई केली हे खरं. पण त्या दिवशी तिथे इतक्या तोफा, इतके गोलंदाज आणि खंदक खणणारे इतके हात हजर कसे होते, हा प्रश्न त्या घाईपेक्षा मोठा आहे. त्याचं उत्तर 1445 च्या आसपास सापडतं.

आधी प्रदेशाविषयी. 1152 मध्ये आक्विटेनची वारसदार एलिनॉर हिने हेन्री प्लांटाजेनेटशी लग्न केलं, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दोभोवतीचा गॅस्कनी मुलूख इंग्लिश राजघराण्याकडे आला. पुढची तीनशे वर्षं तो कमीअधिक प्रमाणात तिथेच राहिला. बोर्दोचा जीव वाइनवर होता. 1308-09 च्या हंगामात त्या भागातून एक लाखाहून अधिक मोठी पिंपं बाहेर गेली, आणि एका पिंपात सुमारे 900 लिटर वाइन मावत असे. मुख्य गिऱ्हाईक इंग्लंड. त्यामुळे बोर्दोकरांना लंडनचा राजा परका वाटत नव्हता. लांबचा राजा कर कमी मागतो, हा हिशेबही त्यात होताच.

1444 मध्ये फ्रान्समधल्या तूर शहरात तह झाला आणि लढाई थांबली. इंग्रजांनी तो काळ दरबारी भांडणांत घालवला, फ्रेंच राजा सातव्या शार्लने त्यात फौज उभी केली. 1439 च्याच एका फर्मानाने सैन्य उभारण्याचा हक्क फक्त राजाचा ठरला होता. त्यावर सरदारांनी पुढच्याच वर्षी बंड केलं, आणि त्यात खुद्द युवराजही सामील होता. बंड मोडलं. ‘ताय’ नावाचा कर दरवर्षी वसूल होऊ लागला आणि त्या पैशावर 1445 मध्ये खडी फौज आली : 15 पथकं, प्रत्येक पथकात 100 ‘भाले’. एक भाला म्हणजे एक माणूस नव्हे, सहा जणांचं कुटुंबच : पूर्ण चिलखतातला स्वार, त्याचा हत्यारबंद साथीदार, एक हुजऱ्या, दोन तिरंदाज आणि एक नोकर. सगळे घोड्यावर. एकूण 9,000 माणसं, त्यांतली लढणारी 6,000. आकडा प्रचंड नाही. पण तह झाला की पगार थांबला, पगार थांबला की शिपाई गावं लुटत सुटला, हे जुनं चक्र रोजमुरा चालू राहिल्याने तुटलं. 1448 मध्ये गावोगावच्या तिरंदाजांची जोड मिळाली. ठरावीक घरांमागे एक माणूस, त्याला करमाफी, बदल्यात सरावाची अट. हे तिरंदाज इंग्रजांच्या तोडीचे कधीच झाले नाहीत, कास्तियोंलाही त्यांची दाणादाण उडाली.

खरा बदल तोफखान्यात झाला. तो केला जाँ आणि गास्पार या ब्युरो बंधूंनी. जाँ ब्युरो सरदार नव्हता. कायदा शिकलेला, पॅरिसमध्ये इंग्रजांच्या अमलाखाली कामाला असलेला आणि 1430 च्या दशकात शार्लकडे आलेला हा हिशेबनीस पुढे राज्याचा खजिनदार झाला. तोफखान्याला योद्ध्यापेक्षा असाच माणूस लागतो. दारू किती, गोळे किती, बैल किती, रस्ता कुठे खचतो आणि पैसे कधी मिळणार, ही सगळी कामं वहीची.

तोफेतल्या सुधारणा छोट्या वाटतात, पण परिणाम मोठा. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. नुसतं बारीक कुटलेलं मिश्रण गाडीच्या हादऱ्यांनी वेगळं होतं, जड भाग तळाला बसतो, शिवाय भुकटी ओल धरते. म्हणून घटक वेगवेगळे नेऊन जागेवर मिसळावे लागत, आणि एवढं करूनही नळीत गच्च बसलेली भुकटी कधी धडाडायची, तर कधी नुसती फुसफुसायची. मिश्रण ओलं करून गोळ्या किंवा दाणे पाडून वाळवलं, की दाण्यांमधल्या फटींतून आग एकदम पसरते, जोर वाढतो आणि प्रवासात घटक वेगळे होत नाहीत. हाच जोर जुन्या, पट्ट्या जोडून केलेल्या तोफेला फाडूही शकतो, म्हणून नळी मजबूत करावी लागली. दुसरी गोष्ट गोळ्याची. दगडी गोळा घडवायला पाथरवट लागतो आणि भक्कम भिंतीवर तो फुटतो. लोखंड दगडाच्या अडीच-तीनपट जड, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या गोळ्याचा व्यास पाऊणपटीहून कमी. तोंड लहान, म्हणून तोफ हलकी, म्हणून ती फौजेच्या चालीने चालते.

याची परीक्षा इंग्रजांच्या ताब्यातल्या नॉर्मंडीत झाली. मार्च 1449 मध्ये इंग्रजांच्या बाजूने फुजेर शहर लुटलं गेलं आणि शार्लला तह मोडायला निमित्त मिळालं. त्या वर्षाच्या अखेरीस रुआँ शहर फ्रेंचांकडे गेलं. फॉर्मिन्यीला, 15 एप्रिल 1450 रोजी, फ्रेंचांनी दोन लांब तोफा पुढे आणून इंग्रज तिरंदाजांना दुरून भाजून काढलं. तिरंदाज चिडून मोर्चा सोडून धावले, तोफा पकडल्याही, पण तेवढ्यात फ्रेंच सेनापती रिशमोंची ताजी फौज बगलेवर आली आणि सगळं संपलं. शेरबुरला ब्युरोने तोफा समुद्राच्या वाळूत मांडल्या. भरती आली की चरबी लावलेल्या कातड्यांनी तोंडं आणि कान (बत्ती द्यायची भोकं) झाकायचे, ओहोटीला पुन्हा मारा सुरू. ऑगस्टमध्ये शेरबुर पडलं. क्रेसी (1346), प्वातिए (1356) आणि ॲजिनकोर्ट (1415) इंग्रजांनी जिंकल्या त्या एका पद्धतीने : चांगली जागा धरायची, अडथळ्यांमागे उभं राहायचं आणि शत्रूला आपल्यावर येऊ द्यायचं. चांगला तिरंदाज मिनिटाला दहा-बारा बाण सोडू शकत असे. शत्रू येईचना आणि दुरून गोळे टाकत राहिला, तर या पद्धतीकडे उत्तर नव्हतं.

इंग्लंडची तिजोरीही रिकामी होती. राजाचं कर्ज 3,72,000 पौंडांवर गेल्याचं संसदेपुढे आलं होतं. 1450 मध्ये राजाचा मुख्य सल्लागार सफोक मारला गेला आणि केंट परगण्यात बंड पेटलं. जून 1451 मध्ये फ्रेंच सेनापती द्युनुआने बोर्दो जवळजवळ न लढता घेतलं.

इथेच फ्रेंचांनी चूक केली. नवे कर लावणार नाही, असं शरण येताना कबूल झालं होतं. ते पाळलं गेलं नाही. इंग्रज गिऱ्हाईकही तुटलं. बोर्दोकरांनी गुपचूप लंडनला माणसं धाडली आणि ऑक्टोबर 1452 मध्ये सुमारे 3,000 लोकांनिशी टॅल्बट बोर्दोजवळच्या मेदोकच्या किनाऱ्यावर उतरला. शहराने दार उघडलं. टॅल्बट तेव्हा सत्तरीकडे झुकलेला होता. 1450 मध्ये कैदेतून सुटताना फ्रेंच राजाविरुद्ध पुन्हा चिलखत घालणार नाही अशी शपथ त्याने घेतली होती, असं सांगतात. त्याने ती शब्दशः पाळली : लढायला आला, पण चिलखताशिवाय.

पुढच्या उन्हाळ्यात फ्रेंच फौजा निरनिराळ्या वाटांनी गॅस्कनीत शिरल्या. त्यांतल्या एकीने कास्तियोंला वेढा दिला. जाँ ब्युरोने गावाभोवती कडं न करता, गावातल्या तोफांच्या पल्ल्याबाहेर स्वतःचाच तळ बांधला. 700 बेलदारांनी सुमारे चार दिवसांत खंदक खणला, निघालेल्या मातीचा बांध घातला, त्याला झाडांच्या खोडांचा आधार दिला. मागच्या बाजूला लिद्वार नदी. बांधाची रेघ सरळ नव्हती, वेडीवाकडी होती, त्यामुळे समोरून येणाऱ्यावर बाजूनेही मारा होई. इतिवृत्तांत 300 तोफांचा आकडा येतो, पण त्यात हातात धरायच्या नळ्या मोठ्या संख्येने असणार. सगळ्या गाड्यांवरच्या तोफा समजणं चुकीचं. सुमारे 1,000 ब्रेतों, म्हणजे ब्रिटनी प्रांतातले, स्वार उत्तरेला वेगळे ठेवले होते.

टॅल्बट 16 ला बोर्दोहून निघाला, घोडदळ घेऊन रात्रभर चालला आणि पहाटे गावाजवळच्या मठातले फ्रेंच तिरंदाज उधळून लावले. पायदळ अजून मागे होतं. तेवढ्यात गावातून खबर आली की तळावर धूळ उडते आहे, फ्रेंच पळताहेत. प्रत्यक्षात ते जागा मोकळी करायला घोडे आणि नोकर बाहेर काढत होते. थांबण्याचा सल्ला न ऐकता टॅल्बटने माणसांना घोड्यांवरून उतरवलं आणि बांधावर घातलं. मागून येणाऱ्या तुकड्या एकेक करून त्याच आगीत शिरल्या. एका गोळ्याने सहा-सहा माणसं पडल्याचं लिहिलेलं आहे. तरीही झुंज काही काळ बांधावर टिकली, मग ब्रेतों स्वार उजव्या बगलेवर कोसळले. टॅल्बटचा घोडा गोळ्याने पडला, तो त्याखाली अडकला आणि कुऱ्हाडीने मारला गेला. मुलगा लॉर्ड लाइलही तिथेच गेला. प्रेताची ओळख दुसऱ्या दिवशी दातांवरून पटवावी लागली.

बोर्दो 19 ऑक्टोबर 1453 रोजी शरण आलं. या वेळी दंड बसला आणि शहरात दोन किल्ले उभे राहिले, त्रोंपेत आणि आ, दोन्ही शहरावरच नजर ठेवायला. इंग्लंडचा राजा सहावा हेन्री ऑगस्टमध्येच वेडाच्या झटक्याने भान हरपून बसला होता. फ्रान्समध्ये इंग्रजांकडे उरलं एकटं कॅले, तेही 1558 मध्ये गेलं.