टेक्ससमध्ये पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना: कोणाला मिळतो, क्लास कुठे, आणि दुकानाच्या दारावरच्या पाट्या

टेक्ससमध्ये नवीन आलेल्या मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो किराणा दुकानात. रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थाच्या कमरेला पिस्तूल, आणि तो मात्र निवांतपणे गॅलनभर दूध आणि अंडी पट्ट्यावर ठेवतोय. १ जानेवारी २०१६ पासून इथे परवाना असेल तर पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, उघड लावून फिरता येतं. १ सप्टेंबर २०२१ पासून तर २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवानाही लागत नाही.

मग परवान्याची माहिती कशाला, असं कोणी विचारेल. कारणं आहेत, सांगतो. पण आपल्या लोकांनी त्याच्याही आधी एक गोष्ट तपासायला हवी.

आधी व्हिसा

टेक्ससचा कायदा कितीही सैल असला, तरी त्याच्यावर फेडरल, म्हणजे साऱ्या देशाचा, कायदा बसलेला आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकही बाळगता येत नाही आणि गोळ्याही. राज्यात परवाना लागत नाही याचा अर्थ ‘मलाही चालतं’ असा काढू नका. शिक्षा १५ वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे, आणि इमिग्रेशनवर होणारा परिणाम वेगळाच. शिकारीचा वैध परवाना असलेल्यांना कायद्यात सूट आहे, पण तिच्या भरवशावर काही करण्यापूर्वी वकिलाला गाठा.

भारतातून आलेल्या आईबाबांना किंवा मेहुण्याला ‘एक अनुभव’ म्हणून शूटिंग रेंजवर नेण्याची इथे हौस असते. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणं हाही ताबाच समजला जातो. त्यांना नासाचं स्पेस सेंटर दाखवा, अलामो दाखवा. रेंज राहू द्या.

ग्रीन कार्ड हातात आलं की ही आडकाठी जाते. नागरिकांना ती नाहीच.

परवाना लागत नसताना का घ्यावा

याचं अधिकृत नाव ‘लायसन्स टू कॅरी’, सगळे म्हणतात एलटीसी. फेडरल कायद्यानुसार शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला बंदी आहे आणि राज्याने दिलेला परवाना असणाऱ्याला तिच्यातून सूट आहे. आपल्या वस्त्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. चांगली शाळा बघूनच आपण घर घेतो, तेव्हा हा मुद्दा पुस्तकी नाही. दुसरं, कितीतरी राज्यं टेक्ससचा परवाना मानतात. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय मात्र मानत नाहीत. न्यू जर्सीतल्या एडिसनला भावाकडे गाडीने निघालात तर पिस्तूल घरीच ठेवा. तिसरं कारण दुकानांच्या पाट्यांमध्ये दडलंय, ते पुढे येईल.

पात्रता आणि कागदपत्रं

परवाना टेक्सस डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी, म्हणजे डीपीएस, देतं. ड्रायव्हिंग लायसन्स देणारं खातंही तेच. कायद्यात वय २१ पूर्ण हवं असं लिहिलं आहे, पण २०२२ मध्ये फेडरल न्यायालयाने १८ ते २० वयाच्यांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा सध्याची अट डीपीएसकडे तपासा. सैन्यातल्यांना १८ पासून चालतं. फेलनीची, म्हणजे गंभीर गुन्ह्याची, शिक्षा झालेली नसावी. त्याहून हलक्या ‘क्लास ए’ किंवा ‘क्लास बी’ गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत शिक्षा झालेली नको आणि सध्या आरोपही नको. मुलांच्या पोटगीची किंवा राज्याच्या करांची थकबाकी असेल तर अर्ज अडतो. न्यायालयाचा संरक्षण आदेश तुमच्याविरुद्ध असेल तरीही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दहा वर्षांत दोनदा शिक्षा झाली असेल तर व्यसनाधीन समजलं जातं.

अर्ज डीपीएसच्या संकेतस्थळावर भरायचा. शुल्क ४० डॉलर. २०१७ पर्यंत तेच १४० होतं. सोबत लागतं ते असं: टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र, नागरिक नसाल तर ग्रीन कार्डची प्रत, क्लास पूर्ण केल्याचा एलटीसी-१०० हा दाखला, आणि बोटांचे ठसे. ठसे घरी शाई लावून चालत नाहीत. आयडेंटोगो केंद्रात वेळ ठरवून जायचं, त्याचे पैसे वेगळे. मागच्या पाच वर्षांचे राहण्याचे आणि नोकरीचे पत्तेही विचारतात. दर अकरा महिन्यांनी अपार्टमेंट बदलणाऱ्यांनी ते आधीच लिहून काढावेत, ऐनवेळी आठवत नाहीत.

अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. नाकारला, तर नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुनावणी मागता येते आणि ती स्थानिक जस्टिस कोर्टात होते.

क्लास कसा शोधायचा

बंदूक शिकवणाऱ्यांच्या जाहिराती जागोजागी दिसतात, पण एलटीसीसाठी डीपीएसने प्रमाणित केलेलाच शिक्षक लागतो. नॅशनल रायफल असोसिएशनचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असेल, ते चांगलंच. पण तेवढ्यावर तो एलटीसी-१०० वर सही करू शकत नाही. डीपीएसच्या संकेतस्थळावर प्रमाणित शिक्षक शोधायची सोय आहे, तिथून सुरुवात करा.

वर्गातला भाग चार ते सहा तासांचा. त्यात बळाचा वापर कायद्याने कधी करता येतो, होल्स्टर आणि हाताळणी, भांडण हातघाईवर न येऊ देता कसं मिटवायचं, आणि घरात मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंदूक कशी ठेवायची, हे विषय असतात. शेवटचा विषय जांभया देत ऐकू नका. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा टेक्ससमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. मग लेखी परीक्षा, ७० टक्क्यांना पास. हा भाग ऑनलाइनही करता येतो, पण नेमबाजीची चाचणी रेंजवर प्रत्यक्षच.

चाचणीत ५० गोळ्या झाडायच्या असतात: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १०. २५० पैकी १७५ गुण हवेत. निशाणाचा पुठ्ठा माणसाच्या छातीएवढा असतो, त्यामुळे थोडा सराव केलेला माणूस सहज निघतो. म्हणूनच माझं मत असं, की ही परीक्षा म्हणजे सुरुवात. तेवढ्यावर आपल्याला बंदूक चालवता येते असं समजू नये. फोन करताना शिक्षकाला एवढं विचारा: फीमध्ये रेंज धरली आहे का, पिस्तूल भाड्याने मिळतं का, गोळ्या कोणी आणायच्या, आणि नापास झालो तर पुन्हा पैसे लागतील का.

दुकानाच्या दारावर काय वाचायचं

कायदा राज्याचा असला तरी दुकान मालकाचं. तो काय म्हणतो ते दारावरच्या पाटीवर कळतं. ३०.०६ क्रमांकाची पाटी असेल तर लपवलेलं पिस्तूल आत न्यायचं नाही, ३०.०७ असेल तर उघड लावलेलं. हे दंडसंहितेतल्या कलमांचे आकडे. त्यातला ३०.०६ हा एका जुन्या रायफलच्या काडतुसाचंही नाव आहे, म्हणून बंदूकवाले त्यावर हसतात. पाटीचा मजकूर कायद्याने ठरलेला आहे: इंग्रजी आणि स्पॅनिश, अक्षरं किमान एक इंच उंच, ठळक दिसतील अशा रंगात. नुसत्या पिस्तुलावर काट मारलेलं चित्र परवानाधारकासाठी तशी सूचना ठरत नाही.

तिसरी पाटी ३०.०५ ची, विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी. एलटीसी जवळ असलेल्याला तिच्याविरुद्ध कायदेशीर बचाव मिळतो. वर राहिलेलं तिसरं कारण ते हेच.

पाटी न पाहता आत गेलात तर २०० डॉलरपर्यंत दंड. पण कर्मचाऱ्याने तोंडी सांगूनही हटला नाहीत, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अशा वेळी कलमं ऐकवत बसू नका, सामान तिथेच ठेवून बाहेर पडा.

पाटी नसलेली विनंती हा आणखी एक प्रकार. ३ ऑगस्ट २०१९ ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये झालेल्या गोळीबारात २३ जणांचा जीव गेला. महिन्याभरात वॉलमार्टने ग्राहकांना पिस्तूल उघड लावून येऊ नका असं सांगितलं. परवानाधारकांच्या लपवलेल्या पिस्तुलाला मनाई केली नाही. क्रोगरनेही त्याच दिवशी तशीच विनंती केली. टार्गेटने ती २०१४ मध्येच केली होती.

लाल आकड्यातली ‘५१%’ पाटी दिसली तर परवानाही कामाचा नाही. ज्यांची निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून होते अशा बारची ती खूण, आणि तिथे बंदूक नेणं फेलनी आहे. शाळेच्या इमारतीतही बंदी. महाराष्ट्र मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन ठेवला असेल, तरी जागा शाळेचीच. मंदिरात मात्र वर सांगितलेल्या पाट्या आहेत का ते बघायचं.

पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल जवळ असेल, तर ड्रायव्हिंग लायसन्ससोबत एलटीसीही दाखवायचं.

आणि रेंजवर नेलेली बॅग पुण्या-मुंबईच्या प्रवासाला घेऊ नका. अस्तराच्या फटीत राहिलेलं एक काडतूस भारतातल्या विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं की शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा दाखल होतो. टेक्ससचा परवाना तिथे कोणी बघत नाही.