'अस्कॅन्स': तिरक्या नजरेचं मूळ सोंगात?

एखाद्याकडे संशयाने किंवा नापसंतीने तिरकं पाहणं, याला इंग्रजीत 'लुक अस्कॅन्स' म्हणतात. जॉन पाल्सग्रेव्हने इंग्रजांना फ्रेंच शिकवण्यासाठी १५३० साली मोठा ग्रंथ छापला, त्यात या शब्दाचं जुनं रूप सापडतं. तिथे अर्थ आहे तो नुसता आडव्या नजरेचा. संशय त्यात नाही.

शब्द आला कुठून, यावर कोशकारांचं एकमत नाही. इटालियन आणि डच भाषांतल्या 'तिरपा' अर्थाच्या शब्दांशी नातं जोडून झालं, पण ठोस धागा हाती लागला नाही. मला जास्त पटते ती दुसरी वाट. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत 'अस्काउन्सेस' असा शब्द होता, अर्थ 'जणू काही'. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधून लॅटिनपर्यंत नेतात. ते खरं असेल, तर आपल्या सरकारी कागदांतल्या 'क्वासी-ज्युडिशियल'मधला 'क्वासी', म्हणजे लॅटिनमधला 'जणू', त्याचाच भाऊबंद ठरतो.

चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स' या कथासंग्रहात हा जुना शब्द फार नेमका बसलाय. यॉर्कशरमध्ये एक भिक्षेकरी धर्मगुरू दारोदार गहू, चीज, जे मिळेल ते मागत फिरतो. सोबतचा माणूस हस्तिदंती पाटीवर देणाऱ्यांची नावं टिपत असतो, 'जणू' त्यांच्यासाठी प्रार्थनाच करणार आहेत. उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच सगळी नावं खरवडून साफ! 'जणू' या शब्दात लबाडी कशी शिरते, ते इथे डोळ्यांसमोर घडतं. वर एक, आत एक. अशा माणसाची नजर सरळ कशी राहील? 'जणू'पासून तिरक्या नजरेपर्यंतचा प्रवास असाच झाला असावा, असं काही अभ्यासक मानतात.

पुढे या नजरेत निरनिराळे भाव भरत गेले. शेक्सपिअरच्या १६०९ साली छापलेल्या सुनीतांपैकी ११०व्यात कवी कबुली देतो, की आपण सत्याकडेच तिरकं, परक्यासारखं पाहिलं. मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) ॲडम आणि ईव्ह एकमेकांच्या मिठीत आहेत. ते पाहून सैतान तोंड फिरवतो, आणि तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोच. तिथे ती नजर मत्सराची आहे. आज उरलाय तो मुख्यतः अविश्वास. म्हणजे चॉसरकडे जो शब्द सोंग करणाऱ्याच्या बाजूला होता, तो आता सोंगाचा संशय आलेल्याच्या डोळ्यात जाऊन बसलाय.