नाणेघाट

नाणेघाट ही सह्याद्रीतील प्राचीन घाटवाट आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नरचे पठार आणि ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकडचे कोकण ती जोडते. माथ्यावर घाटघर, तर पायथ्याच्या बाजूस वैशाखरे हे गाव आहे. कातळाच्या दोन भिंतींमधल्या अरुंद खिंडीतून ही दगडी वाट उतरते. खिंडीशेजारचा सुळका ‘नानाचा अंगठा’ म्हणून ओळखला जातो.

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, आणि कल्याण व सोपारा ही बंदरे यांच्यामधली मालाची ने-आण या वाटेने होई. जुन्नर हा त्या मार्गावरचा मोठा मुक्काम. तेथील लेण्यांमध्ये यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावे आहेत आणि कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा लेखही आहे. बंदर आणि पठार यांचे नाते त्यातून थेट वाचता येते. घाटाच्या माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकातीची नाणी त्यात टाकत, अशी परंपरागत समजूत असून घाटाचे नावही तिच्याशीच जोडले जाते. वाटेवर खोदीव टाकी आहेत. ओझे घेऊन ही चढण चढणाऱ्या माणसाला आणि जनावराला जकातीच्या रांजणापेक्षा त्यांचेच मोल अधिक वाटले असणार.

घाटाचे खरे वैभव मात्र खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात आहे. त्याच्या भिंतींवर पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. तो साधारणपणे इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानतात. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून लेख सुरू होतो. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद येते: ११,००० गायी, १,००० घोडे, २४,४०० कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी. या संख्या अंकांत कोरल्या आहेत, म्हणून भारतीय अंकांच्या इतिहासात हा लेख अत्यंत मोलाचा ठरतो. त्यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज पावलांच्या खुणांखेरीज त्यांतले फारसे काही उरलेले नाही, पण वरची नावे टिकली आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) व राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. यांतील त्रनकयिर हा राणीचा पिता मानला जातो. घराण्याचा हा पट राजधानीत न कोरता जकातीच्या वाटेवर कोरला, यामागे विचार दिसतो. परमुलखातला व्यापारी पठारावर पाऊल ठेवताना येथूनच जाई आणि राज्य कोणाचे हे त्याला येथेच कळे.

कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये हे लेणे पाहिले. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी लेखांचा अभ्यास केला आणि ब्यूलर यांनी १८८३ मध्ये त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. मोठा लेख जागोजागी झडलेला असल्याने काही ओळींच्या अर्थाबद्दल आजही मतभेद आहेत.

घाटाला लागूनच जीवधन किल्ला आहे. चावंड, हडसर आणि शिवनेरी जुन्नरच्या वाटेवर पुढे लागतात. कल्याण-अहमदनगर रस्ता माळशेज घाटातून गेल्यावर गाड्यांची वर्दळ तिकडे वळली, तरी वैशाखऱ्याकडून पायी चढणारे आजही याच दगडी वाटेने खिंडीत पोचतात. पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी कोकणातून येणाऱ्या वाऱ्याने पुन्हा वर उडते. त्या धारेला ‘उलटा धबधबा’ म्हणतात.