सार्वजनिक वित्त आणि नेतृत्व परिषदेला जायचे आहे? आधी कार्यालयातला अर्ज, मग आयोजकांकडचा

नोंदणीचा फॉर्म भरायला वीस मिनिटे पुरतात. तो भरण्याची परवानगी मिळवायला दोन महिने लागू शकतात. लेखा, अंदाजपत्रक, कोषागार किंवा अंतर्गत लेखापरीक्षण सांभाळणाऱ्यांना हे सांगायला नको. तरी दरवेळी तेच घडते. परिषदेचे पत्रक येते, उत्साहात नाव नोंदवले जाते, सवलतीची मुदत संपत आली म्हणून खिशातून पैसेही भरले जातात, आणि मग कार्योत्तर, म्हणजे खर्च करून झाल्यावरच्या, मंजुरीसाठी नस्ती (फाइल) घेऊन फिरावे लागते. इतरांच्या कार्योत्तर प्रस्तावांवर लाल शाईने शेरे मारणाऱ्याने स्वतःच तसा प्रस्ताव ठेवला की टेबलापलीकडच्या माणसाला जो आनंद होतो, तो एकदा पाहिला तरी पुरे. म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे.

पात्रता : कुणाला प्रवेश, कुणाला निवड

अशा परिषदा बहुतेक वेळा व्यावसायिक संस्था भरवतात. ब्रिटनमधल्या सिप्फाची, म्हणजे सार्वजनिक वित्त व लेखा व्यावसायिकांच्या संस्थेची, मुळे १८८५ पर्यंत जातात, अमेरिका आणि कॅनडातल्या सरकारी वित्त अधिकाऱ्यांची जीएफओए १९०६ ची, तर अमेरिकेतल्या सरकारी लेखापालांची एजीए १९५० ची. संस्था कोणतीही असो, सर्वसाधारण सत्रांसाठी पात्रतेची अट सहसा सैल असते. सार्वजनिक वित्ताशी संबंध असलेला आणि शुल्क भरणारा माणूस आत जाऊ शकतो. सभासदत्व नसले तरी चालते, फक्त शुल्क जास्त पडते. एकाच वर्षात दोन कार्यक्रमांना जाणार असाल तर आधी सभासद व्हायचे की नाही, याचा हिशेब कागदावर करून पाहा. कधीकधी सभासदत्वाची वर्गणी धरूनही एकूण खर्च कमी येतो.

शुल्काचे वर्ग मात्र नीट वाचावेत. सभासद, बिगरसभासद, सरकारी कर्मचारी, खासगी क्षेत्र, विद्यार्थी, निवृत्त असे प्रत्येकाचे दर निराळे असतात. सरकारी दर हवा असेल तर पुरावा मागितला जातो, आणि तो बहुधा कार्यालयीन ईमेल किंवा ओळखपत्राचा असतो. खासगी ईमेलवरून नोंदणी केली की अर्ज आपोआप महागड्या वर्गात जाऊन बसतो आणि मग फरकाच्या रकमेसाठी पत्रव्यवहार करावा लागतो. सरकारी कंपन्या, महामंडळे, अनुदानित संस्था यांतल्या लोकांनी आपण कोणत्या वर्गात बसतो हे आधी लेखी विचारून घ्यावे. सल्लागार म्हणून कंत्राटावर काम करणाऱ्यांना सरकारी दर मिळतोच असे नाही.

नेतृत्वविषयक कार्यक्रमाचे गणित वेगळे. मुख्य परिषदेला जोडून भरणाऱ्या या वर्गांत जागा मोजक्या असतात. ठरावीक वर्षांचा अनुभव, हाताखाली काही माणसे असणे किंवा ठरावीक पदश्रेणी अशा अटी असतात, आणि वरिष्ठांचे शिफारसपत्र लागते. त्यासोबत एक छोटे निवेदन मागतात: तुम्हाला यातून काय हवे आहे. इथे 'माझ्या नेतृत्वगुणांचा विकास व्हावा' असे लिहिणारे ढीगभर असतात. 'माझ्या शाखेतले दोन अनुभवी लेखापाल पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत, त्यांचे काम नव्या माणसांकडे सोपवण्याची जबाबदारी माझ्यावर आहे' असे लिहिणारा लक्षात राहतो.

टिपणी : सगळा खेळ इथे आहे

मंजुरीचा प्रस्ताव म्हणजे दीड पानाची टिपणी. तिचा दर्जा सहसा परिषदेच्या दर्जापेक्षा खालचा असतो, हे खेदाने म्हणावे लागते. नमुना सगळ्यांच्या ओळखीचा आहे: 'सदर परिषद अत्यंत उपयुक्त असून त्यायोगे ज्ञानात भर पडेल, सबब मान्यता मिळावी.' असे वाक्य वाचून सक्षम प्राधिकारी एकच प्रश्न विचारतो, आणि तो रास्त असतो: कुणाच्या ज्ञानात, आणि आम्हाला काय?

याऐवजी कार्यालयातले एखादे अडलेले काम पकडा. समजा तुमची संस्था रोख पद्धतीकडून (पैसे दिले-घेतले तेव्हा नोंद) उपार्जित लेखापद्धतीकडे (व्यवहार घडला तेव्हा नोंद) चालली आहे आणि आंतरराष्ट्रीय सार्वजनिक लेखामानके, म्हणजे इप्सास, स्वीकारायचे ठरले आहे. भाडेपट्ट्यांसाठीचे इप्सास ४३ हे १ जानेवारी २०२५ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी लागू आहे. त्यानुसार भाड्याने घेतलेल्या इमारतीचा वापराचा हक्क मालमत्ता म्हणून आणि पुढे द्यायचे भाडे दायित्व म्हणून ताळेबंदात घ्यावे लागते. अल्पमुदतीच्या आणि किरकोळ किमतीच्या भाडेपट्ट्यांना सूट आहे. आता टिपणी अशी लिहिता येते: 'आपल्याकडील भाडेकरारांची यादी तयार आहे, मात्र सवलतीत किंवा नाममात्र भाड्याने घेतलेल्या जागांचे काय करायचे हे ठरलेले नाही. परिषदेत या विषयावर दुसऱ्या दिवशी सत्र आहे. परतल्यावर पंधरा दिवसांत कार्यपद्धतीचा मसुदा सादर करीन.' सत्राचे नाव, दिवस आणि परतल्यावरचे एक ठोस काम, एवढे पुरते. कार्यक्रमपत्रिकेची प्रत जोडून त्या सत्राखाली रेघ मारून ठेवा. नस्ती वाचणाऱ्याचे बोट त्या रेघेवर थांबते.

दुसरा मुद्दा लेखाशीर्षाचा, म्हणजे खर्च अंदाजपत्रकातल्या कोणत्या सदराखाली टाकायचा याचा. 'कोणत्या लेखाशीर्षातून?' या चार अंगुळांच्या शेऱ्याने नस्त्या महिनामहिना परत फिरल्याचे मी पाहिले आहे. नोंदणीशुल्क प्रशिक्षणाखाली, प्रवास आणि निवास प्रवासखर्चाखाली, सभासदत्वाची वर्गणी आणखी तिसऱ्याच शीर्षाखाली असे वाटप असू शकते. तीनही रकमा वेगळ्या दाखवा आणि प्रत्येकीपुढे शिल्लक तरतूद लिहा. एकत्रित आकडा दिला की तो कुठेच बसत नाही.

तिसरा मुद्दा वर्षाचा. इथे आपल्याच धंद्याची गंमत आहे. शुल्क या आर्थिक वर्षात भरायचे आणि परिषद पुढच्या वर्षात, असे बऱ्याचदा होते. रोख पद्धतीत पैसे गेले त्या वर्षाचा तो खर्च. उपार्जित पद्धतीत ते वर्ष संपताना आगाऊ दिलेली रक्कम म्हणून उभे राहते आणि परिषद झाल्यावर खर्चात जाते. दोन्हीतले काय आपल्याकडे लागू आहे ते टिपणीतच एका ओळीत लिहिले तर वर्षअखेरीला कुणी फोन करत नाही. शिवाय बऱ्याच कार्यालयांच्या वित्तीय नियमांत सेवा मिळाल्यावरच पैसे देण्याची पद्धत असते. नोंदणीशुल्क आगाऊच भरावे लागते, म्हणून 'आगाऊ प्रदानास मान्यता' हे शब्द आदेशात आलेच पाहिजेत. ते नसतील तर मंजुरी हातात असूनही देयक अडकते.

चौथी गोष्ट रद्द करण्याची. आयोजकांच्या अटींत परताव्याची तारीख असते, आणि त्या तारखेनंतर बहुधा पैसे बुडतात. पण नाव बदलून दुसऱ्याला पाठवण्याची मुभा सहसा असते. म्हणून मंजुरी घेताना पर्यायी अधिकाऱ्याचे नावही घालून ठेवा. ऐन वेळी विधिमंडळाचे अधिवेशन, लेखापरीक्षण पथकाची भेट किंवा आजारपण आले तर जागा वाया जात नाही.

कागदपत्रे

आयोजकांकडे फारसे लागत नाही: ओळखपत्राची प्रत, सरकारी दरासाठी नोकरीचा पुरावा, सभासद असाल तर सभासद क्रमांक, आणि नेतृत्व कार्यक्रमासाठी बायोडेटा, निवेदन व शिफारसपत्र. कार्यालयाच्या नस्तीत मात्र परिषदेचे पत्रक, कार्यक्रमपत्रिका, शुल्काचा तक्ता, रद्द करण्याच्या अटी, खर्चाचे अंदाज, तरतूद उपलब्ध असल्याचा दाखला आणि तुमच्या गैरहजेरीत काम कोण पाहणार याची नोंद असावी. पैसे कार्यालय भरणार असेल तर बीजक कार्यालयाच्या नावे मागा, स्वतःच्या नावे नको. कर क्रमांक लागत असेल तर तोही त्यावर असू द्या. नंतर बीजक बदलून घेणे हे दात काढण्यापेक्षा कठीण काम आहे.

परदेशी जायचे असल्यास तीन जादा कागद. एक, देशाबाहेर जाण्याची स्वतंत्र परवानगी, जी साध्या दौऱ्याच्या मंजुरीत धरलेली नसते. दोन, व्हिसासाठी आयोजकांचे निमंत्रणपत्र. ते बहुतेक ठिकाणी शुल्क भरल्यावरच देतात, आणि त्याने व्हिसाची हमी मिळत नाही. म्हणून व्हिसा नाकारला गेल्यास परतावा मिळतो का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहा. तीन, पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतरही काही महिने मुदत शिल्लक असावी अशी अट बरेच देश घालतात, आणि ती सहा महिन्यांपर्यंत असू शकते.

आणि नाव. फॉर्ममध्ये 'बिल्ल्यावर काय छापायचे' असा एक रकाना असतो. पहिल्या खेपेला मी तिथे सगळे हाक मारतात ते अर्धे नाव टाकले. बिल्ला छान दिसला. पण हजेरी त्या बिल्ल्यावरच्या कोडवरून घेतली गेली आणि प्रमाणपत्रही त्याच अर्ध्या नावाने आले. ते माझ्या व्यावसायिक संस्थेने स्वीकारले नाही. दुरुस्तीसाठी तीन महिने ईमेल चालले, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कथा. तेव्हापासून पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच क्रमाने, सगळ्या रकान्यांत.

पैसे दुसरा कुणी भरत असेल तर

सॉफ्टवेअर कंपन्या, बँका, सल्लागार संस्था या परिषदांच्या प्रायोजक असतात. त्यांतली एखादी तुम्हाला 'आमच्यातर्फे या' असे म्हणते. तीच कंपनी तुमच्या कार्यालयाच्या निविदेत उतरली असेल तर उत्तर सरळ आहे: नको. निविदा नसली तरी लेखी परवानगीशिवाय शुल्क, तिकीट किंवा निवास स्वीकारू नये. संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी कराराच्या कलम ८ मध्ये सार्वजनिक अधिकाऱ्यांनी हितसंबंधांचा संघर्ष होऊ शकेल अशा बाहेरच्या कामांची, गुंतवणुकीची, मोठ्या भेटवस्तूंची माहिती जाहीर करावी अशी व्यवस्था उभारायला सांगितले आहे. आपल्या सेवानियमांतही तसे कलम असतेच, ते उघडून पाहा. आयोजक संस्थेनेच जाहीर निवडीतून दिलेली शिष्यवृत्ती ही वेगळी बाब, पण तिचीही नोंद नस्तीत हवी.

वक्ता म्हणून जाणाऱ्यांचे शुल्क माफ होते किंवा कमी होते. प्रस्ताव मात्र परिषदेच्या कित्येक महिने आधी मागवतात: शीर्षक, गोषवारा, श्रोत्यांना काय शिकायला मिळेल ते दोन-तीन वाक्यांत, आणि अल्पपरिचय. मानधन असेल तर त्याची परवानगी निराळी, आणि कार्यालयातली कोणती आकडेवारी पडद्यावर दाखवता येईल याची त्याहून निराळी.

तासांचा हिशेब

अनेकजण परिषदेला जातात ते आपले व्यावसायिक प्रमाणपत्र टिकवायला लागणाऱ्या शिक्षणाच्या तासांसाठी, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. एजीएचे प्रमाणपत्र असलेल्या सरकारी वित्त व्यवस्थापकाला दर दोन वर्षांत ८० तास पूर्ण करावे लागतात. अमेरिकी पद्धतीत ५० मिनिटे म्हणजे एक तास. दिवसाला ७५ मिनिटांची पाच सत्रे धरली तर ३७५ भागिले ५०, म्हणजे साडेसात तास. असे दोन दिवस आणि तिसऱ्या दिवशी ५० मिनिटांची तीन सत्रे, एकूण १८ तास. जेवण, चहा आणि प्रदर्शनातल्या फेऱ्या यात येत नाहीत. तुमच्या संस्थेचा तास ६० मिनिटांचा असेल तर हाच हिशेब १५ तासांवर येतो, तेव्हा प्रमाणपत्रावर तासांसोबत मिनिटेही लिहून मागा.

ऑनलाइन हजेरी लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. सत्र चालू असताना मधेमधे प्रश्न येतात आणि त्यांना उत्तर दिले तरच उपस्थिती धरली जाते. एकीकडे सत्र सुरू ठेवून दुसरीकडे देयके तपासणाऱ्यांचे तास हमखास कापले जातात. नेतृत्वाच्या सत्रांचे तासही सगळ्याच संस्था तांत्रिक विषयात धरत नाहीत, हे नोंदणीपूर्वी पाहिलेले बरे.

परतल्यावर

पहिल्या आठवड्यात देयक सादर करा. शुल्काची पावती, तिकिटे, बोर्डिंग पास, निवासाचे बिल आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र जोडा. शुल्कात दुपारचे जेवण धरलेले असेल तर दैनिक भत्त्यातून तेवढा भाग वजा करायचा असतो. कार्यक्रमपत्रिकेत 'भोजन' असा शब्द छापलेला असतो आणि ती पत्रिका तुम्हीच टिपणीसोबत जोडलेली असते, त्यामुळे लेखापरीक्षकाला फार शोधावे लागत नाही. वजावट स्वतःहून करा. मग टिपणीत कबूल केलेला तो पंधरा दिवसांचा मसुदा त्याच नस्तीत लावा, वेगळ्या नस्तीत नको. पुढच्या वर्षी तुमचा किंवा तुमच्या सहकाऱ्याचा प्रस्ताव येईल तेव्हा मागची नस्ती मागवली जाते, आणि तिथे शेवटच्या पानावर देयक आहे की मसुदा, हेच पाहिले जाते.