ओपन सोर्समधली ती तिसरी फाईल: पार्श्वभूमी

कुठलाही जरा मोठा ओपन सोर्स प्रोजेक्ट, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघता आणि बदलता येतो असा, उघडून बघा, कोडच्या फोल्डरांसोबत दोन फाईली हमखास सापडतात, एक रीडमी (प्रोजेक्टची ओळख) आणि एक लायसन्स (वापराची परवानगी). गेल्या दहाएक वर्षांत त्यांच्या शेजारी तिसरी येऊन बसलीय, कोड ऑफ कंडक्ट. मराठीत आचारसंहिता म्हणता येईल, पण आपल्याकडे तो शब्द ऐकला की निवडणूक आठवते, म्हणून मी सरळ वागण्याचे नियम म्हणते. मराठी भाषांतराच्या कामात नव्याने येणारी मुलं-मुली मला दरवेळी विचारतात की ताई ही फाईल कशाला, कोड चालला म्हणजे झालं की. त्यांना चॅटवर दोन ओळीत सांगून भागत नाही, मागचं सगळं सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

सुरुवातीपासून बघितलं तर ही सगळी चळवळ उभी आहे ती अनोळखी माणसांनी केलेल्या मदतीवर. 27 सप्टेंबर 1983 ला रिचर्ड स्टॉलमनने ग्नू, म्हणजे सगळ्यांना मोकळेपणी वापरता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा प्रोजेक्ट, जाहीर केला तेव्हाच त्याने लोकांकडे वेळ, पैसे, मशीन, प्रोग्राम असं जे जमेल ते मागितलं होतं. 25 ऑगस्ट 1991 ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने न्यूजग्रुपवर, म्हणजे तेव्हाच्या ऑनलाइन चर्चागटावर, लिहिलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, तुम्हाला त्यात काय हवं ते सांगा. तीच पुढे लिनक्स. म्हणजे दोन्हीकडे पहिलं वाक्य "या" असंच आहे. आलेल्या माणसाशी वागायचं कसं हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि तेव्हा कुणाला ते लिहायची गरजही वाटली नसणार, मोजकी माणसं होती, बरीचशी विद्यापीठातली, एकमेकांना नावाने ओळखणारी.

पुढे माणसं वाढली आणि पद्धत तीच राहिली. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, ईमेलने पाठवायचा, मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, तो सगळ्यांदेखत तपासणार, आवडला तर घेणार आणि नाही आवडला तर सगळ्यांदेखतच फाडणार. 2000 साली टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, ईमेल लिस्टवर लिहिलेलं "बोलणं सोपं असतं, कोड दाखव" हे वाक्य लोकांनी टी-शर्टवर छापलं. त्यात तथ्य आहेच, मोठमोठ्या बाता मारणारे खूप असतात, पण कोड दाखवल्यावर समोरचा काय भाषेत उत्तर देतो याचं काय, हा प्रश्न तेव्हा विचारला की तू फार हळवी आहेस असं उत्तर यायचं.

तो प्रश्न पहिल्यांदा ठामपणे विचारला बायकांनी, आणि हे नेहमी विसरलं जातं म्हणून मुद्दाम सांगते. 1998 मध्ये डेब रिचर्डसनने लिनक्सचिक्स हा लिनक्सवाल्या बायकांचा गट सुरू केला, नियम दोनच, सभ्यपणे बोला आणि मदत करा. बस. बाकी ठिकाणी नवख्याने बावळट प्रश्न विचारला की "आधी मॅन्युअल वाच" असं अंगावर यायचं, इथे उत्तर मिळायचं.

मग 2006. हे वर्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फ्लॉसपोल्स नावाच्या युरोपियन अभ्यासात दिसलं की ओपन सोर्समध्ये बायका जेमतेम दीड टक्का आहेत, आणि नेहमीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तेव्हा हाच आकडा 28 टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे बायकांना कोडिंगमध्ये रस नसतो हे कारण तिथेच निकालात निघालं, रस होता, नोकरीत करतच होत्या, फक्त इथे येत नव्हत्या. त्याच वर्षी ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रोजेक्टकडे गुगल समर ऑफ कोडसाठी (विद्यार्थ्यांना ओपन सोर्सच्या कामाचे पैसे देणारा गुगलचा उन्हाळी कार्यक्रम) 181 अर्ज आले आणि त्यात एकही बाईचा नव्हता. मग ग्नोमच्या लोकांनी एक साधी गोष्ट केली, फक्त मुलींसाठी वेगळा उन्हाळी कार्यक्रम काढला आणि तसं स्पष्ट लिहिलं. 100 च्या वर अर्ज आले! त्याच मुली, तेच काम, तोच उन्हाळा, फक्त "तू ये" असं कुणीतरी नाव घेऊन म्हटलं होतं. सहा जणींना घेतलं. मधे काही वर्षं ते थंडावलं, 2010 मध्ये मरिना झुराखिन्स्कायाने पुन्हा उभं केलं आणि प्रत्येक उमेदवाराला अर्ज करतानाच एक मेंटॉर आणि एक छोटं खरं काम मिळेल अशी घडी बसवली. तेच आजचं आउटरीची, आणि ते आता बायकांपुरतं राहिलेलं नाही.

लिखित नियमांची वाट मोठ्या प्रमाणावर दाखवली ती उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराने, 2004 मध्ये, मार्क शटलवर्थच्या पुढाकाराने. त्यात विचारपूर्वक वागा, आदर ठेवा, मिळून काम करा, अडलं तर विचारा असं होतंच, पण शेवटचा मुद्दा फार शहाणा होता: काम सोडून जायचं असेल तर नीट सोडा, तुम्ही चाललाय हे सांगा आणि पुढच्याला तिथून उचलता येईल असं ठेवून जा. थकणं, कंटाळणं, घरच्या अडचणी हे सगळं होणारच हे धरून तो नियम लिहिला होता. पुढे त्याच्याकडे यायचंय.

आपल्याकडचंही एक सांगते. 2008 पासून दुर्गापूरच्या लिनक्स यूजर ग्रुपने आयआरसीवर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या जुन्या चॅटवर, उन्हाळी वर्ग चालवले. तिथे प्रश्न विचारायचा असेल तर आधी फक्त एक उद्गारचिन्ह टाइप करायचं आणि नंबर यायची वाट बघायची, शाळेत हात वर करतात तसं. बारीक गोष्ट आहे, पण त्यामुळे जोरात बोलणारा पुढे आणि लाजरा मागे असं होत नाही, सगळ्यांचं उद्गारचिन्ह सारखंच. आणि त्याच सुमाराला पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या लोकांनी फ्युएल नावाचा प्रकल्प पुढे नेला, मेन्यूत वारंवार येणारे शब्द घ्यायचे आणि भाषेचे जाणकार नि अनुवादक यांनी एकत्र बसून एकेक शब्द ठरवायचा. सेव्हला "जतन करा" की "साठवा" यावरून माणसं किती तावातावाने भांडतात हे ज्याने भाषांतर केलंय त्यालाच कळेल. समोरासमोर चहा पीत तोच वाद पाच मिनिटात मिटतो.

वागण्याचे नियम सर्वदूर पोचले ते 2014 नंतर. त्याआधी पायकॉन या पायथन भाषेच्या परिषदेने 2012 मध्ये नियम आणले होते, आणि पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने जिथे असे नियम नाहीत त्या परिषदांना पैसे देणार नाही असं ठरवलं होतं. 2014 मध्ये कोरालाइन एडा एमकीने काँट्रिब्युटर कव्हेनंट लिहिलं, कुठल्याही प्रोजेक्टला उचलून वापरता येईल असं. "चांगलं वागा" एवढ्यावर न थांबता काय चालणार नाही आणि तक्रार कुणाकडे करायची हे त्यात स्पष्ट होतं. विरोधही खूप झाला, बाहेरची माणसं येऊन राजकारण करतील, कोडची गुणवत्ता घसरेल अशी भीती होती. मला ती भीती पटत नाही पण ती सगळीच वाईट हेतूने होती असंही मी म्हणणार नाही, वर्षानुवर्षं एका पद्धतीने काम केलेल्या माणसाला नियम बाहेरून लादलेला वाटतो.

कर्नलमध्ये हे सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात त्रासाने झालं. 2013 मध्ये यूएसबी 3 चा ड्रायव्हर सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी लिस्टवर उघडपणे सांगितलं की शिवीगाळ थांबवा, टोरवाल्ड्स म्हणाला मी खोटं गोड बोलणार नाही. 2015 च्या मार्चमध्ये कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट नावाचा छोटा मजकूर आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्प यांनी आपण कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. मग 16 सप्टेंबर 2018 ला टोरवाल्ड्सने स्वतः लिहिलं की माझे ईमेलमधले हल्ले चुकीचे होते, मी माफी मागतो, थोडा थांबतो आणि लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेतो. त्याच वेळी कर्नलने काँट्रिब्युटर कव्हेनंट स्वीकारलं. आवृत्ती 4.19 ग्रेग क्रोआ-हार्टमन या दुसऱ्या मेंटेनरने पूर्ण केली, टोरवाल्ड्स महिन्याभराने परत आला, आणि कर्नल काही कोसळला नाही.

नियम फक्त लिहून पुरत नाही हेही खरं. 2017 च्या गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या सर्व्हेत ज्यांनी वाईट वागणूक सोसली किंवा पाहिली त्यातल्या 21 टक्क्यांनी त्या प्रोजेक्टमधलं कामच बंद केलं होतं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रोजेक्टकडे तर पहिल्यापासून नियम होते, तरी नोव्हेंबर 2021 मध्ये नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या त्यांच्या मॉडरेशन टीमने एकगठ्ठा राजीनामा दिला कारण सगळ्यात वरच्या कोअर टीमला जाब विचारता येत नव्हता, आणि 2023 मध्ये नवी लीडरशिप काउन्सिल बनेपर्यंत ते निस्तरायचं काम चालू होतं.

आता एक्सझेड. फायली कॉम्प्रेस करायचं छोटं टूल, पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं, आणि लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस ते वर्षानुवर्षं एकट्याने, बिनपगारी सांभाळत होता. 2021 पासून जिया टॅन नावाच्या अकाउंटवरून पॅच यायला लागले, सभ्य, मेहनती. 2022 मध्ये जिगर कुमार, डेनिस एन्स अशा नावांनी टोचणी सुरू झाली, काम का रखडलंय, नवा मेंटेनर आल्याशिवाय काही पुढे जाणार नाही. कॉलिनने लिहिलं की माझं मानसिक आरोग्य बऱ्याच दिवसांपासून ठीक नाही आणि हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे हे लक्षात ठेवा. त्यावर उत्तर आलं, वाईट वाटलं, पण स्वतःची मर्यादा ओळखावी माणसाने. मी ते उत्तर वाचलं तेव्हा पोटात कालवलं, कारण असं बोलणं आपण सगळ्यांनी इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यात काही वेगळं वाटतच नाही, आणि ती नावं खऱ्या माणसांची नसावीत अशी शंकाही कुणाला आली नाही. नेहमीच्या उद्धटपणात ती सहज खपून गेली. उबुंटूच्या त्या जुन्या नियमातलं "नीट सोडून जा" इथे शक्यच नव्हतं, घ्यायला दुसरं कुणी उभंच नव्हतं, जो उभा होता त्या जिया टॅनच्याच हातात चाव्या गेल्या.

फेब्रुवारी 2024 मध्ये जिया टॅनने मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, घातलेली एक्सझेडची 5.6.0 आवृत्ती प्रसिद्ध केली, मार्चमध्ये 5.6.1. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरणं) 0.3 सेकंदाऐवजी 0.8 सेकंद घेताना दिसलं, तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि 29 मार्चला त्याने सगळं उघड केलं. कॉलिन तेव्हा सुट्टीवर होता. परत आल्यावर तोच बसला, प्रत्येक कमिट (कोडमधला नोंदलेला बदल) तपासली, घाण काढली, आणि 29 मे 2024 ला स्वच्छ 5.6.2 दिली.