हार्टचा जेनेटिक रिपोर्ट: तो कोणाच्या डेटावरून बनतो?

हार्टचा त्रास आईकडून आला की वडलांकडून हे सगळेच विचारतात, पण ज्या अभ्यासावरून हा धोका ठरवला त्यात नेमके कोणते लोक होते हे फारसं कोणी विचारत नाही, आणि मला तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

पीसीएसके९ नावाचं जनुक घ्या. लिव्हरच्या पेशींवर रिसेप्टर असतात, ते रक्तातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल पकडून आत नेतात आणि परत वर येतात, पुढचं पकडायला. या जनुकापासून बनणारं प्रोटीन रिसेप्टरला चिकटलं की तो वर येतच नाही, आतच नष्ट होतो. म्हणजे प्रोटीन जास्त तर रिसेप्टर कमी, आणि रक्तात एलडीएल जास्त. मग हे जनुकच बंद पडलं तर? 2006 साली अमेरिकेत जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांच्या टीमने 15 वर्षांचा डेटा तपासला, त्यातल्या कृष्णवर्णीय लोकांपैकी 2.6 टक्के जणांमध्ये हे जनुक बंद पाडणारे बदल होते, त्यांचं एलडीएल सरासरी 28 टक्के कमी आणि कोरोनरी हार्ट डिसीजचा, म्हणजे हार्टला रक्त पुरवणाऱ्या नसा अरुंद होण्याच्या आजाराचा धोका तब्बल 88 टक्के कमी निघाला! त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना बीपी होतं, काही स्मोकिंग करायचे, तरीसुद्धा. गोऱ्या लोकांमध्ये वेगळा, सौम्य बदल होता आणि त्याचा फायदाही कमी. फक्त गोऱ्यांचाच अभ्यास झाला असता तर इतका ठळक पुरावा हाती लागलाच नसता. हे प्रोटीन अडवणारी इंजेक्शनं 2015 मध्ये मंजूर झाली आणि आज ती सगळ्याच समाजांतले पेशंट घेतात.

याची उलटी बाजू मात्र त्रासदायक आहे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हार्टचा स्नायू जाड होण्याचा आजार, त्याला कारणीभूत म्हणून काही जनुकीय बदल नोंदले गेले होते. पुढे कळलं की त्यातले काही कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांमध्ये अगदी कॉमन आहेत आणि निरुपद्रवी आहेत. तोपर्यंत काही जणांना ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट देऊन झाले होते. 2016 च्या ज्या अभ्यासात हे समोर आलं त्यानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांमध्ये थोडे जरी कृष्णवर्णीय असते तरी ही चूक बहुधा टळली असती. चुकीचा रिपोर्ट एकट्याचा राहत नाही, त्यावरून भावंडांच्या, मुलांच्याही टेस्ट होतात, म्हणून मला हे फार गंभीर वाटतं.

दक्षिण आशियाचं स्वतःचं उदाहरण आहेच. हार्टच्या स्नायूतल्या एका प्रोटीनचं जनुक आहे, एमवायबीपीसी३, त्यातली डीएनएची 25 अक्षरं इथल्या साधारण 4 टक्के लोकांमध्ये गायब असतात, आणि त्याचा हार्ट फेल्युअरशी संबंध हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत 2009 मध्ये दाखवला. पण हा बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, बरेच जण धडधाकट राहतात.

आता शेकडो-हजारो छोटे बदल एकत्र मोजून पॉलिजेनिक स्कोअर, म्हणजे आजाराच्या धोक्याचा अंदाज देणारा आकडा, काढतात. 2019 च्या एका आढाव्यात अशा संशोधनातले सुमारे 79 टक्के लोक युरोपीय वंशाचे निघाले, त्यामुळे इतरांसाठी, खास करून आफ्रिकन वंशाच्या लोकांसाठी, हे स्कोअर बरेच कमी अचूक ठरतात. स्कोअर चांगला आला म्हणून बीपी, कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि जुना जेनेटिक रिपोर्ट असेल तर तो जेनेटिक काउन्सेलरला पुन्हा दाखवा, कारण ज्या बदलाला तेव्हा धोकादायक म्हटलं होतं त्याचं वर्गीकरण मधल्या काळात बदललेलं असू शकतं.