फाइली वाचणारा प्रोग्राम रॅम का खातो?

लॅपटॉपचा पंखा उगाचच घोंगावायला लागतो. प्रोसेसची यादी उघडावी, तर आपण कधीच सुरू न केलेला एक प्रोग्राम सगळ्यात वर बसलेला. विंडोजवर त्याचं नाव सर्चइंडेक्सर, मॅकवर एमडीएस-स्टोअर्स, लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर बालू. काम तिघांचं एकच: तुमच्या फाइली आधीच वाचून ठेवायच्या, म्हणजे तुम्ही ‘पावती’ टाइप केलं की उत्तर तयार असतं.

ही तयारी म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची. फाइल उघडायची, तिच्यातला मजकूर काढायचा, शब्द सुटे करायचे आणि सूचीत प्रत्येक शब्दापुढे त्या फाइलचा क्रमांक मांडायचा. गोम इथेच आहे. एका फाइलमध्ये ४,००० वेगवेगळे शब्द असतील, तर सूचीत ४,००० ठिकाणी हात घालावा लागतो. दर वेळी डिस्कवर लिहायला गेलं तर काम संपायचंच नाही, म्हणून बऱ्याच नोंदी रॅममध्ये साठवून एकदम लिहितात. तेव्हा थोडी मेमरी जाणारच.

पण दिसतो तो प्रत्येक आकडा खरा मानू नका. बालू आपली सूची एलएमडीबी या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि हा डेटाबेस फाइल थेट मेमरीच्या पत्त्यांवर मांडतो. त्यामुळे ८ जीबी रॅमच्या यंत्रावरही व्हर्च्युअल मेमरीच्या रकान्यात चक्क २५६ जीबी दिसू शकतात! ते नुसते राखून ठेवलेले पत्ते. नाट्यगृहातल्या खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवावेत, तसे. सूचीची जी पानं वाचली जातात तेवढीच रॅममध्ये येतात, आणि दुसऱ्या कुणाला जागा हवी झाली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्यातली न बदललेली पानं सरळ सोडून देतो. रेसिडेंट (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी) आकड्यातून शेअर्ड (फाइलींतून आलेला किंवा इतरांशी वाटून घेतलेला भाग) वजा केलं, की प्रोग्रामने स्वतःसाठी किती घेतलंय त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. तो आकडा तासन्‌तास चढतच राहिला, तर मात्र दुखणं खरं.

अशा वेळी बहुतेकदा एखादी फाइल किंवा एखादं फोल्डर नडत असतं. माझ्या लॅपटॉपवर एकदा मेमरी चढायची, प्रोग्राम कोसळायचा, आपोआप पुन्हा सुरू व्हायचा आणि पुन्हा चढायची. सध्या कोणती फाइल वाचली जातेय हे दाखवणारी आज्ञा चालवली, तर दर वेळी एकच नाव: स्कॅन करून जोडलेली, शेकडो पानांची एक पीडीएफ. ती सूचीबाहेरच्या फोल्डरात हलवली आणि पाच मिनिटांत पंखा गप्प. त्याआधी मी दोन संध्याकाळी सेटिंग्जशी झटापट केली होती, तो भाग सोडा.

फोल्डरांची गोष्ट आणखी वेगळी. लिनक्सवर बदलांवर नजर ठेवायला आयनोटिफाय वापरतात, पण ती सोय एका पहाऱ्यात एकच फोल्डर बघते, त्याच्या पोटातली फोल्डरं नाही. म्हणजे प्रत्येक फोल्डरला वेगळा पहारा, आणि दर पहाऱ्यामागे साधारण १ केबी कर्नलची मेमरी. प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या ‘नोड मॉड्यूल्स’सारख्या जंजाळात लाखभर फोल्डरं निघाली, तर १०० एमबी गेलेच, आणि ते त्या प्रोसेसच्या नावावर दिसतही नाहीत. विंडोजबाबत खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगते, की सूचीत ४ लाखांवर नोंदी गेल्या की वेग मंदावू शकतो.

बालूत एक मजेदार घोळ बरीच वर्षं होता. फाइलची ओळख तो इनोड (फाइलसिस्टिमने फाइलला दिलेला क्रमांक) आणि डिव्हाइसच्या, म्हणजे डिस्कच्या, क्रमांकावरून पटवायचा. बीटीआरएफएस फाइलसिस्टिमवर यंत्र पुन्हा सुरू केल्यावर डिव्हाइसचा क्रमांक बदलू शकतो, की झाल्या सगळ्या जुन्या फाइली नव्या! पुन्हा वाचन, सूची दुप्पट. पुढे तो दुरुस्त झाला, पण फुगलेली जुनी सूची आपल्यालाच पुसावी लागते.

मग करायचं काय? सेवा सरसकट बंद करणं मला पटत नाही, शोधाची चटक लागलेली असते. तिच्यापुढचं वाचन कमी करा. कोडची फोल्डरं, बॅकअप, व्हर्च्युअल मशीन वगळा. तिन्ही सिस्टिममध्ये ती सोय आहे. तेवढ्याने भागलं नाही, तर बालूला मजकूर सोडून फक्त फाइलींची नावं नोंदवायला सांगता येतं, आणि नावावरून शोधणाऱ्याला ते पुरतं. लिनक्सवर सेवा सांभाळणारी सिस्टिमडी असेल तर सेवेला ‘मेमरी-हाय’ मर्यादा घाला. ती ओलांडली की कर्नल प्रोग्रामला मारत नाही, त्याचा वेग कमी करून मेमरी परत मागत राहतो. ‘मेमरी-मॅक्स’ मात्र मारू शकते आणि लिहिणं अर्धवट राहतं, म्हणून पहिलीच बरी.

शेवटी जुनी सूची पुसून नवी बांधायला लावा, शक्यतो रात्री, चार्जर लावून. पहिल्या वाचनात आकडा वर जाईलच. मोजमाप दुसऱ्या दिवशी करा.